तोंडी लावण्यास बटाटा : वाफवण्याची व कुस्करण्याची सोपी रीत

बटाट्याची काढणी आटोपली म्हणजे शेतकऱ्याच्या खळ्यात बटाट्यांचे दोन ढीग पडतात. एक मोठ्या, एकसारख्या व निर्दोष बटाट्यांचा. तो पोत्यांत भरला जातो व बाजाराची वाट धरतो. दुसरा ढीग बारीक बटाट्यांचा आणि नांगराच्या फाळाने अगर कुदळीने कापल्या गेलेल्या बटाट्यांचा. ह्या दुसऱ्या ढिगाला व्यापारी भाव देत नाही, आणि कापलेला बटाटा फार दिवस टिकतही नाही. पुष्कळ घरी तो कोपऱ्यात पडून राहतो, त्यास पाणी सुटते, आणि अखेर उकिरड्यावर जातो. त्याच घरात त्याच दिवसांत भाकरीबरोबर तोंडी लावण्यास मात्र केवळ चटणी असते. पिकविणाऱ्याच्या ताटात पीक येऊ नये, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

बटाट्याची भाजी सर्वांना माहीत आहे. परंतु तिला तेल बरेच लागते व परतण्यात वेळही जातो. वाफवलेल्या व कुस्करलेल्या बटाट्याची तोंडीलावणी ह्या दोन्ही दृष्टींनी सोयीची आहेत. त्यांस तेल थोडे लागते, इंधन वाचते, लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्वांना ती खाता येतात, आणि बारीक व कापलेल्या बटाट्यांचा त्यांत चांगला उपयोग होतो. मात्र बटाट्याची निवड, वाफवणे व कुस्करणे ह्या तिन्ही गोष्टींत थोडी समजूत हवी.

बटाट्यात काय असते

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशातला. पोर्तुगीजांनी तो हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आणला व त्याचे मराठी नावही त्यांच्याच भाषेतून आले. आज महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील आंबेगाव व खेड हे तालुके ह्या पिकासाठी ओळखले जातात. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर तर खरिपात पावसाच्या पाण्यावर बटाटा घेतला जातो. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९६८ साली प्रसारित केलेली ‘कुफरी ज्योती’ ही जात महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे.

बटाट्याच्या वजनात तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पाण्याचा असतो. उरलेल्या भागात मुख्यतः पिष्ट म्हणजे स्टार्च असते. प्रथिने थोडी, सुमारे दोन टक्क्यांच्या आसपास असतात, व स्निग्ध पदार्थ जवळजवळ नसतात. पोटॅशियम हा क्षार त्यात भरपूर असतो व ‘क’ जीवनसत्त्वही बऱ्यापैकी असते. परंतु हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे व उष्णतेने कमी होणारे असल्यामुळे ते टिकणे हे सर्वस्वी शिजविण्याच्या पद्धतीवर अवलंबून राहते. सोललेला बटाटा बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिले, तर त्याबरोबर जीवनसत्त्व व क्षार ह्यांचा मोठा वाटा मोरीत जातो.

कोणता बटाटा कशासाठी घ्यावा

सगळे बटाटे शिजल्यावर सारखे होत नाहीत. काही फुटून पिठूळ होतात, तर काही घट्ट व मेणासारखे राहतात. पूर्ण पक्व झालेल्या, जून बटाट्यात पिष्टाचे प्रमाण जास्त असते. तो शिजला की सहज कुस्करतो. नवीन, कोवळ्या व पातळ सालीच्या बटाट्यात पाणी अधिक असते. त्याच्या फोडी अखंड राहतात. जात, जमीन व हवामान ह्यांमुळेही हा फरक पडतो.

घरच्या घरी परीक्षा करावयाची असल्यास एक सोपा उपाय आहे. एका भांड्यात ११ वाट्या पाणी घेऊन त्यात १ वाटी मीठ पूर्ण विरघळवावे व त्यात कच्चा, अख्खा बटाटा सोडावा. जो बुडेल तो पिठूळ. तो कुस्करण्यास घ्यावा. जो तरंगेल तो घट्ट. त्याच्या फोडी करून कोशिंबिरीसारखे पदार्थ करावेत. पेरणीपूर्वी मिठाच्या पाण्यात बी पारखण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही परीक्षा लगेच समजेल.

शीतगृहातून आणलेला बटाटा कधी कधी गोडसर लागतो. फार थंड जागी ठेवल्याने त्यातील पिष्टाची काही अंशी साखर होते. असा बटाटा आठवडा-दोन आठवडे साध्या हवेत, अंधाऱ्या जागी पसरून ठेवला असता हा गोडपणा पुष्कळसा कमी होतो. ह्याच कारणासाठी घरातील शीतकपाटात कच्चे बटाटे ठेवू नयेत.

हिरवा बटाटा खाऊ नये

ह्या बाबतीत कोणतीही हयगय उपयोगी नाही. उजेडात राहिलेल्या बटाट्याच्या सालीवर हिरवी झाक येते. हा हिरवा रंग स्वतः अपायकारक नसतो. परंतु त्याच वेळी बटाट्यात सोलॅनिन नावाचे विषारी द्रव्य वाढत असते. मोडांमध्येही ते अधिक असते. त्याने मळमळ, उलट्या, जुलाब व पोटदुखी होते, आणि लहान मुलांना त्याचा त्रास लवकर होतो. उकडल्याने अगर वाफवल्याने हे द्रव्य नष्ट होत नाही. म्हणून ‘शिजवले म्हणजे झाले’ ही समजूत चुकीची आहे.

हिरवेपणा किंचित व एकाच ठिकाणी असल्यास तो भाग खोलवर कापून टाकावा व मोडांचे डोळे कोरून काढावेत. बराच भाग हिरवा असल्यास, बटाटा चवीला कडवट लागल्यास, किंवा सुरकुतून लांब मोड आले असल्यास तो मुळीच वापरू नये.

हा दोष पुष्कळदा शेतातच सुरू होतो. पिकाला वेळेवर भर दिली नाही तर बटाटे मातीच्या वर उघडे पडतात व हिरवे होतात. काढणीपूर्वी पाला कापून दहा-पंधरा दिवस बटाटे जमिनीत राहू दिले तर साल पक्की होते, ते कमी खरचटतात व जास्त टिकतात. काढणीनंतर ढीग उन्हात उघडा ठेवू नये. घरी ठेवावयाचे बटाटे कोरड्या, हवेशीर व अंधाऱ्या जागी, बांबूच्या टोपलीत अगर गोणपाटावर पसरावेत. कापलेले बटाटे निराळे काढून पहिल्या काही दिवसांतच वापरावेत. मऊ पडलेले, पाणी सुटलेले अगर दुर्गंधी येणारे बटाटे निवडून पुरून टाकावेत. एका सडक्या बटाट्याने सगळी टोपली बिघडते.

वाफवणे आणि उकडणे

बटाटा सालासकट अख्खा उकडला तर साल हेच त्याचे झाकण होते व सत्त्व फारसे वाया जात नाही. परंतु कापलेले बटाटे अख्खे उकडता येत नाहीत. त्यांचा खराब भाग काढावा लागतो व उघडा पडलेला गर पाण्यात बुडाला की त्यातील सत्त्व पाण्यात उतरते. शिवाय गर पाणी पितो व पचपचीत होतो. अशा बटाट्यांसाठी वाफवणे हीच उत्तम रीत. वाफेत फोडी पाण्याला शिवत नाहीत, त्यामुळे त्यांची चव व सत्त्व पुष्कळ प्रमाणात टिकते आणि कुस्करा कोरडा व मोकळा होतो.

वाफवण्यासाठी नवे भांडे विकत घ्यावे लागत नाही. मोदकपात्र किंवा इडलीपात्र असल्यास चांगलेच. नसल्यास पातेल्यावर नीट बसेल अशी पिठाची अगर अळूवड्या उकडण्याची चाळण घ्यावी.

१. बटाटे वाहत्या पाण्याखाली घासून धुवावेत. डोळ्यांच्या खाचांत माती राहते, तिकडे विशेष लक्ष द्यावे.

२. अख्खे बटाटे सालासकटच ठेवावेत. कापलेल्या बटाट्यांचा खराब भाग काढून सारख्या आकाराच्या, साधारण एक इंच जाडीच्या फोडी कराव्यात. फोडी लहान-मोठ्या असल्यास बारीक फोडींचा लगदा होतो व मोठ्या कच्च्या राहतात.

३. चिरलेल्या फोडी हवेत काळ्या पडतात, म्हणून चिरल्यावर लगेच वाफेवर ठेवाव्यात. थोडा वेळ थांबणे भाग असल्यास पाण्यात बुडवून ठेवाव्यात. परंतु तासन्‌तास भिजत घालू नयेत.

४. पातेल्यात तीन-चार बोटे पाणी उकळू द्यावे. पाणी चाळणीला लागता कामा नये. वाफ जोरात येऊ लागल्यावर फोडी चाळणीत पसरून घट्ट झाकण ठेवावे.

५. एक इंचाच्या फोडींना १५ ते २० मिनिटे व मध्यम आकाराच्या अख्ख्या बटाट्यांना ३० ते ४० मिनिटे लागतात. सुरी सहज आरपार गेली म्हणजे बटाटा शिजला असे समजावे. मधून पाणी आटले नाही ना, हे पाहावे.

चुलीवर अगर शेगडीवर खालच्या पातेल्यात नुसते पाणी न घालता त्यात डाळ शिजत ठेवली, तर एकाच आचेवर दोन पदार्थ होतात. प्रेशर कुकरमध्ये भाताच्या भांड्यावर दुसऱ्या भांड्यात पाणी न घालता बटाटे ठेवले तरी हाच लाभ मिळतो. काढणीच्या दिवसांत घरातील स्त्रीही दिवसभर शेतात राबत असते. तिचा वेळ व सरपण वाचणे ही लहान गोष्ट नव्हे.

चिंच, लिंबू, टोमॅटो असे आंबट पदार्थ बटाटा शिजण्यापूर्वी घालू नयेत. आंबटपणामुळे फोडी लवकर मऊ होत नाहीत. आंबट काही घालावयाचे ते शेवटी घालावे.

कुस्करण्याची रीत

बटाटा शिजताना त्याच्या पेशींतील पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात व पेशी एकमेकींपासून सुट्या होतात. हलक्या हाताने कुस्करल्यास पेशी अखंड राहतात व लगदा मऊ, हलका होतो. जोराने घोटल्यास पेशी फुटतात, आतील पिष्ट बाहेर येते व त्याची खळ होते. पाट्यावर वाटलेला अगर मिक्सरमध्ये फिरवलेला बटाटा चिकट का होतो, ह्याचे कारण हेच. कागद डकविण्यास ती खळ चालेल, ताटात मात्र चालणार नाही.

बटाटा गरम असतानाच सोलून कुस्करावा. निवल्यावर त्यात गुठळ्या राहतात. हाताला चटका बसू नये म्हणून तो जाड फडक्यात धरून सोलावा. सोललेले बटाटे कोरड्या, गरम पातेल्यात मंद आचेवर एक-दोन मिनिटे हलवावेत, म्हणजे अंगचा ओलावा उडून जातो. मग पळीच्या पाठीने वा लाकडी दाबणीने वरून खाली दाबत कुस्करावेत. घरात पुरणयंत्र असल्यास त्यासारखे दुसरे साधन नाही. त्यातून बटाटा न घोटता, एकसारखा व गुठळ्यांविना बाहेर पडतो. तूप अगर लोणी घालावयाचे असल्यास आधी ते मिसळावे व नंतर गरम दूध थोडे थोडे घालावे. थंड दुधाने लगदा निवतो व जड होतो.

काही कृती

पुढील प्रमाणे चार-पाच माणसांना तोंडी लावण्यास पुरतील अशी आहेत. ‘पाच कृती’ एवढ्यावर न थांबता हंगामाप्रमाणे व घरच्या चवीप्रमाणे त्यांत फरक करावा.

*दह्यातील भरीत.* अर्धा किलो वाफवलेले बटाटे, २ वाट्या गोडसर दही, ३ मोठे चमचे दाण्याचे कूट, २ हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, मीठ व चिमूटभर साखर. बटाटे जाडसर कुस्करून कोमट होऊ द्यावेत. गरम बटाट्यात दही फुटते. मग दही, कूट, मीठ व साखर मिसळावी. एक चमचा तुपात जिरे, हिंग व मिरच्यांचे तुकडे घालून फोडणी करावी व वरून ओतावी. दाण्याचे कूट व दही ह्यांमुळे बटाट्यातील प्रथिनांची उणीव बरीच भरून निघते.

*लसणाच्या फोडणीचा कुस्करा.* अर्धा किलो बटाटे, २ चमचे तेल, ८ पाकळ्या लसूण, २ सुक्या मिरच्या, मोहरी, जिरे, हळद, कढीपत्ता व मीठ. तेलात मोहरी तडतडल्यावर ठेचलेला लसूण तांबूस करावा, मिरच्या, कढीपत्ता व हळद घालावी, मग कुस्करलेला बटाटा व मीठ घालून दोन मिनिटे वाफ आणावी. खाली उतरवून लिंबू पिळावे. ज्वारी अगर बाजरीच्या भाकरीबरोबर हा चांगला लागतो. बिहारात ह्याच जातीचा ‘चोखा’ करतात. त्यात मोहरीचे कच्चे तेल, कच्चा कांदा, हिरवी मिरची व मीठ घालतात व चुलीवर चढविण्याचे काम उरत नाही.

*कारळ्याच्या चटणीतील बारीक बटाटे.* बाजारात न खपणारे सुपारीएवढे बटाटे ह्यास उत्तम. ते सालासकट वाफवून, गरम असतानाच सोलावेत. साल अगदी कोवळी व स्वच्छ असल्यास राहू द्यावी. एक चमचा तेल गरम करून त्यात बटाटे घोळावेत व वर ३ चमचे कारळ्याची अगर तिळाची कोरडी चटणी भुरभुरावी. पाच मिनिटांत तोंडीलावणे तयार होते व शेतावर डब्यातही नेता येते.

*मेथी घातलेला लगदा.* एक लहान जुडी मेथी निवडून, धुऊन व चिरून चमचाभर तेलात लसणाबरोबर परतावी. पाणी आटल्यावर अर्धा किलो कुस्करलेल्या बटाट्यात मिसळून मीठ घालावे. जी मुले पालेभाजी पाहून तोंड फिरवतात ती हा लगदा सहसा खातात. आयर्लंडसारख्या बटाटा खाणाऱ्या देशातही लगद्यात कोबीसारखी पाने मिसळण्याची जुनी चाल आहे. मेथीऐवजी पालक, चाकवत अगर शेवग्याचा कोवळा पाला चालतो.

*बालकांचा व वृद्धांचा लगदा.* दोन मध्यम बटाटे पुरणयंत्रातून काढावेत, त्यात १ चमचा लोणी अगर तूप व लागेल तसे अर्धी वाटीपर्यंत गरम दूध घालून हलक्या हाताने एकजीव करावे. दात नसलेल्या वृद्धांना व आजारातून उठलेल्यांना हा सोसतो. सहा महिने पूर्ण झालेल्या बालकास आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करताना दुधाऐवजी मुगाच्या डाळीचे मऊ वरण मिसळावे, थोडे तूप घालावे, आणि वर्षाच्या आतील बालकाच्या वाटीत मीठ व साखर घालू नये.

आहारातील जागा

बटाटा पोट भरतो, परंतु एकट्या बटाट्यावर पोषण होत नाही. भाकरी, भात व बटाटा हे तिन्ही मुख्यतः पिष्टमय आहेत. म्हणून ताटात बटाटा असेल त्या दिवशी डाळ, उसळ, दही अगर ताक ह्यांपैकी काहीतरी अवश्य असावे व भाकरी-भाताचे प्रमाण थोडे कमी करावे. मधुमेहाच्या रुग्णांनी, विशेषतः मऊ लगदा, बेताने व वैद्यकीय सल्ल्यानेच खावा.

शिजवून कुस्करलेला बटाटा ओलसर असल्यामुळे लवकर आंबतो. उन्हाळ्यात तो दोन तासांहून अधिक उघडा ठेवू नये. लागेल तेवढाच करावा. उरल्यास झाकून शीतकपाटात ठेवावा व दुसऱ्या दिवशी चांगला गरम करून संपवावा. आंबूस वास येणारा अगर तार सुटलेला लगदा मुलांना देऊ नये.

प्रात्यक्षिक घेताना

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व अंगणवाडी सेविकांनी हा विषय केवळ बोलून न सांगता करून दाखवावा. महिला मंडळाची अगर बचत गटाची बैठक काढणीच्या सुमारास घ्यावी व बटाटे त्याच गावातील दुसऱ्या ढिगातले घ्यावेत. पुढील चार गोष्टी दाखविल्यास पुरे होते.

पहिली, तराजू. एक किलो बटाटे कच्चे असताना सुरीने जाड सोलावेत. दुसरे एक किलो वाफवून मग सोलावेत. दोन्ही साली निरनिराळ्या तोलाव्यात. किती गर सालीबरोबर वाया जातो, हे शेतकऱ्याला तराजूचा काटा आपोआप सांगतो.

दुसरी, पाणी. सोलून चिरलेल्या फोडी उकळलेल्या पाण्याचा गढूळपणा सर्वांना दाखवावा व उतरलेले सत्त्व कोठे गेले ते समजावून द्यावे. असे स्वच्छ पाणी निघालेच तर आमटीत वापरावे. हिरव्या बटाट्याचे मात्र वापरू नये.

तिसरी, हात. एकाच वाफेतील थोडे बटाटे पाट्यावर वाटावेत व थोडे पुरणयंत्रातून काढावेत. दोन्हींची चव जमलेल्या स्त्रियांना घेऊ द्यावी. मग पेशी व पिष्ट ह्यांविषयी सांगितलेले लक्षात राहते.

चौथी, हिरवा बटाटा. तो हातोहात फिरवून सर्वांना दाखवावा व शेवटी त्यांच्यासमक्ष टाकून द्यावा. काटकसरीची शिकवण देताना काय टाकून द्यावयाचे हेही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे. नाही तर दोन बटाटे वाचविण्याच्या भरात एखादे मूल आजारी पडावयाचे.

बैठकीत पुरुषांनाही बोलवावे. भर देणे, पाला वेळेवर कापणे, ढीग झाकणे ही कामे त्यांच्या हातची आहेत, आणि चांगले तोंडीलावणे तेथूनच सुरू होते. बाजाराचा भाव शेतकऱ्याच्या हाती नसतो. दुसऱ्या ढिगाचे काय करावयाचे हे मात्र त्याच्या व त्याच्या घरच्या माणसांच्या हाती असते. तो ढीग सडण्यापूर्वी चुलीपर्यंत पोहोचला, तर काढणीच्या धांदलीतही घरातील प्रत्येकाच्या भाकरीबरोबर काहीतरी गरम, मऊ व रुचकर पडेल.